शेजारच्या सीटचे काम

मैत्रिणींनो, मोटारीच्या लांबच्या प्रवासात पुढच्या डाव्या सीटवर बसलेली बाई काय करते, असे कुणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? "काही नाही, नुसती बसते!" हेच ना? मुक्कामाला पोहोचल्यावर दमलेला कोण, तर गाडी चालवणारा. चहाचा पहिला कप कुणाला, तर गाडी चालवणाऱ्याला. आपण काय बाई, बसूनच तर आलो!

मला हे उत्तर पटत नाही. का पटत नाही, ते सांगायलाच आज लिहायला बसले आहे. रस्ते रुंद झाले, मुले दूरदेशी गेली, आणि साठीच्या आसपासची कितीतरी जोडपी ड्रायव्हर न घेता आपल्याच गाडीने हजार-दीड हजार किलोमीटरच्या प्रवासाला निघू लागली. गाडीत दोघेच, मागच्या सीटवर पिशव्या. अशा वेळी डाव्या सीटवर जी बसते तिच्याकडे निम्मा प्रवास असतो. ती झोपली, रुसली किंवा तहानलेली राहिली तर ते दोघांनाही महागात पडते. प्रसंगी जिवावरही बेतते.

२०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघे पुण्याहून प्रयागराजला गेलो. पहिला मुक्काम छत्रपती संभाजीनगरला, दुसरा नागपूरला माझ्या मामेबहिणीकडे. तिसऱ्या दिवशी नागपूर ते जबलपूर. त्या एकाच दिवसाची हकिकत सांगते. अंतर फार नाही, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पण शहर, जंगल, घाट, राज्याची हद्द आणि दुपारची झोप, सगळे त्या एका दिवसात येऊन गेले.

दिवसाचा हिशेब मी नेहमी संध्याकाळकडून मांडत येते. नोव्हेंबरात जबलपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. परक्या गावात अंधारात शिरायचे नाही, हा आमचा नियम. म्हणजे पाचपर्यंत पोहोचायला हवे. फोनवरचा नकाशा म्हणतो, पाच तास लागतील. त्या बिचाऱ्याला चहा लागत नाही, पाय मोकळे करावे लागत नाहीत, की वाटेतले देऊळ पाहायचे नसते! मी त्याच्या हिशेबात सरळ निम्म्याने भर घालते, आणि वाटेत काही पाहायचे असेल तर त्याचे दोन तास वेगळे. म्हणून सकाळी साडेसातला गाडी दाराबाहेर.

नागपूरला जाऊन तर्री-पोहे खाल्ले नाहीत असे कसे होईल? पण ते आम्ही आदल्या दिवशीच खाऊन घेतले. गाडी चालवायच्या सकाळी तर्री नको. डब्यात दशम्या होत्या. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, चवीला किंचित गूळ घालायचा, आणि मुख्य म्हणजे भाजलेली दशमी पूर्ण गार झाल्याशिवाय फडक्यात गुंडाळायची नाही. गरम गुंडाळली की घाम धरते आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. सोबत तिळाची कोरडी चटणी, आणि बहिणीने जबरदस्तीने दिलेली दोन डझन संत्री. (संत्री सोलायचे काम अर्थातच शेजारच्या सीटचे. सालींसाठी वेगळी पिशवी ठेवा, रस्त्यावर टाकू नका.)

आता बसण्याविषयी थोडे. ही सीट आरामखुर्ची नव्हे. पाठ पार मागे टेकवून आडवे होऊ नका. अपघाताच्या धक्क्याने माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. खालचा पट्टा पोटावरून नको, कमरेच्या हाडांवरून जायला हवा, आणि पदर किंवा ओढणी त्याच्याखाली गोळा होऊ द्यायची नाही. आणि कृपा करून पाय डॅशबोर्डवर ठेवू नका! तिथे एअरबॅग असते. ती उघडते तेव्हा तिच्यात एवढा जोर असतो की गुडघे तोंडावर आपटतात. आमच्या ओळखीतल्या एका बाईंना मी हे सांगितले तर म्हणाल्या, "अगं, पाय सुजतात ना!" सुजतात हे खरे. त्यावर उपाय म्हणजे दर दोन तासांनी खाली उतरून पाच मिनिटे चालणे.

कामठी गेली, कन्हान नदी ओलांडली. मनसरला उजवीकडे वळून आम्ही रामटेकला गेलो. कालिदासाच्या 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच, असे मानतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण मला तिथे दुसऱ्याच कुणाची आठवण झाली. रामटेकजवळ नगरधन नावाचे गाव आहे. तेच वाकाटकांचे नंदिवर्धन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता या घराण्यात दिली होती. नवरा, रुद्रसेन दुसरा, लवकर गेला, मुले लहान. तिने सोळाशे वर्षांपूर्वी मुलांच्या वतीने राज्य चालवले, स्वतःच्या नावाने ताम्रपट दिले. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रासुद्धा सापडली आहे. आणि गंमत पाहा, आमच्या त्या दिवसाच्या दुसऱ्या टोकाला, जबलपूरकडे, गढ्याची राणी दुर्गावती. तिचेही तसेच. नवरा गेल्यावर लहान वीरनारायणाच्या नावाने राज्य सांभाळले आणि १५६४ साली मोगली फौजेशी लढताना ती धारातीर्थी पडली. हे मी यांना सांगत होते, तर हे म्हणाले, "म्हणजे या रस्त्यावर बायकांचंच राज्य म्हणायचं!" मी म्हटलं, "दुपारी कळेलच."

दुपारी काय कळणार होते, ते पुढे सांगते. त्याआधी एका नाजूक विषयाकडे वळते, कारण तो बोलल्याशिवाय बायकांच्या प्रवासावर लिहिणे म्हणजे मिठाशिवाय स्वयंपाक.

आपण प्रवासात पाणी पीत नाही. सकाळी निघताना अर्धा कप चहा आणि मग थेट मुक्कामी. का, तर वाटेत 'सोय' नसते. घसा कोरडा पडतो, डोके दुखते, चिडचिड होते. आणि लघवी तासन् तास रोखल्याने, पाणी कमी पडल्याने मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो, हे कोणतीही डॉक्टरीणबाई सांगेल. शेजारची सीट अशी कोमेजलेली असेल तर ती दुसऱ्याकडे काय लक्ष देणार? म्हणून पाणी प्यायचेच, घोट घोट करून, आणि लागो न लागो, दर दोन तासांनी थांबायचे. मोठा पेट्रोल पंप, जिथे घरची माणसे असलेल्या गाड्या उभ्या आहेत, असा निवडावा. कडीला कुलूप दिसले तर परत फिरू नका. किल्ली आत टेबलावर असते, मागायला लाजू नका. माझ्या पिशवीत कागदी साबण, जुन्या सुती साडीचे तुकडे, छोटा टॉर्च आणि कडक तळाच्या चपला कायम असतात. त्या दिवशी एका पंपावर आतला नळ कोरडा होता. मी बाहेर येऊन तिथल्या पोराला म्हटलं, "बादलीभर पाणी आण बाळा, तुझ्या आईनं कुठं जायचं मग?" बिचाऱ्याने दोन बादल्या आणल्या.

देवलापार सोडल्यावर दोन्ही बाजूंचे सागाचे रान दाट होत गेले. हा पेंच व्याघ्र प्रकल्पाचा प्रदेश. इथे रस्ता एकदम खांबांवर चढतो, आणि खाली ना नदी ना रेल्वे, म्हणून आपण बुचकळ्यात पडतो. खालची ती मोकळी जागा जनावरांसाठी सोडली आहे! आपण वरून जायचे, त्यांनी खालून. महाराष्ट्रातल्या टापूत अशा नऊ जागा आहेत, त्यांतली सर्वांत लांब साडेसातशे मीटरची. जनावरे खरेच त्या वाटेने जातात का? भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावून पाहिले, तर २०१९ मधल्या पाहणीत अठरा जातींचे प्राणी खालून ये-जा करताना दिसले, वाघासकट. खवाशाला मध्य प्रदेश लागला की पुढच्या जंगलात रस्त्याच्या कडेला उंच आडोसेही दिसतात. गाड्यांचा आवाज आणि दिव्यांचा झोत रानात जाऊ नये म्हणून ते उभारलेले. किपलिंगचे 'जंगल बुक' १८९४ साली आले, त्यातला मोगली याच सिवनीच्या डोंगरांतला. मुलांना वाचून दाखवले होते तेव्हा वाटले नव्हते की आपण एक दिवस त्या रानावरून चाकांवर जाऊ.

अशा टापूत शेजारच्या सीटला उसंत नसते. वेगमर्यादेच्या पाट्या मी मोठ्याने वाचते. यांचा फोन माझ्या ताब्यात. "कोण आहे? महत्त्वाचं आहे का?" यावर "नाही" हेच उत्तर, मग कुणीही असो. कुरईच्या घाटात वानरांची टोळी कठड्यावर बसली होती. संत्रे फेकायचा मोह होतो, पण एकदा खाऊ मिळाला की ती रस्त्यावरच ठाण मांडतात आणि गाडीखाली येतात. काच वर केली आणि पुढे गेलो.

सिवनीला पावणेएकला पोहोचलो. गावाबाहेर झाडाखाली सतरंजी अंथरली. यांना मी दोनच दशम्या दिल्या, चटणी आणि संत्रे. "एवढंच?" "एवढंच. जबलपूरला खव्याची जिलबी देईन." एरवी जेवणात मी हात आखडता घेत नाही हो! पण पोट भरून थाळी जेवलेला माणूस आणि सरळ मोकळा रस्ता, हे दोन एकत्र आले की काय होते ते ऐका.

दुपारी दोन ते चार ही वेळ वाईट. जेवण हलके असले तरी त्या वेळेस शरीराला आपोआप सुस्ती येते. शरीराचे घड्याळच तसे आहे. पहाटे दोन ते सहा हा असाच दुसरा पहारा. डुलकी लागते ती दोन-चार सेकंदांची, आणि पुष्कळदा लागली हे ज्याला लागली त्यालाही कळत नाही. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर! तेवढा वेळ गाडीला वाली नसतो. तेवढ्यात समोर उभा ट्रक असला तर?

आणि पुरुषमाणसाला विचारून पाहा, "झोप येतेय का हो?" उत्तर ठरलेले: "छे! डोळे उघडे आहेत की!"

आमचा पुण्याहून निघतानाच करार झाला होता की जेवणानंतरचा पहिला टप्पा मी चालवायचा. पण सिवनीला हे म्हणाले, "गावातून बाहेर काढून देतो." गाव मागे पडले, तरी किल्ली काही मिळेना. "आता लखनादौनपर्यंत नेतो की!" मी गप्प बसले आणि पाहत राहिले. दोनच्या सुमारास यांचे बोलणे थांबले. मी एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे आले. मग हात मानेकडे गेला. पापण्या जड, सावकाश मिटू लागल्या. गाडी डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर गेली आणि चाकांचा आवाज बदलला. यांनी झटक्यात सरळ केली. "खड्डा होता," म्हणाले. खड्डा नव्हता.

अशा वेळी भांडू नका. "झोपताय तुम्ही!" असे ओरडलात तर माणूस इरेला पेटतो आणि आणखी पन्नास किलोमीटर रेटतो. गाणी मोठ्याने लावणे, काच खाली करणे, तोंडावर पाणी मारणे, याने दोन-पाच मिनिटे बरे वाटते, झोप जात नाही. झोपेला औषध झोपच. मी एवढेच म्हणाले, "अहो, पंप दिसला की थांबवा, मला जायचंय." या वाक्याला नवरा कधी नाही म्हणत नाही! तीन-चार मिनिटांत पंप आला. तोवर मी नजर काढली नाही, बोलत राहिले, आणि हात यांच्या खांद्यावर ठेवला.

पंपाच्या कडेला सावलीत गाडी लावली. दोन कडक चहा सांगितले. चहा आधी, झोप मग. उलटे वाटेल, पण चहा-कॉफीचा अंमल चढायला वीस मिनिटे-अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होऊन जाते आणि उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. "मला कुठे झोप येतेय," म्हणत हे डाव्या सीटवर टेकले आणि दोन मिनिटांत घोरू लागले. काचा थोड्या उघड्या ठेवून मी बाहेर चकरा मारत होते. किल्ली माझ्या मुठीत होती. खरे सांगते, पाय थरथरत होते. पट्टीवरचा तो चाकांचा आवाज कानातून जाईना. घरी फोन करून मुलीशी बोलावेसे वाटले, पण केला नाही. तिला इतक्या लांब कशाला घोर?

वीस मिनिटांनी हलवून उठवले. डोळे चोळत म्हणाले, "दे किल्ली." मी म्हटलं, "करार काय झाला होता?" थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग पट्टा लावला आणि हळूच म्हणाले, "खड्डा नव्हता गं तो."

मी गाडी सुरू केली.

छपाऱ्याला वैनगंगा ओलांडली. आपल्या भंडाऱ्याची वैनगंगा तीच! सिवनीच्या अलीकडे मुंडाऱ्याला ती उगम पावते, आधी उत्तरेला जाते, मग भलामोठा वळसा घालून पूर्वेकडून दक्षिणेला उतरते. माहेर सोडावे की नाही या विचारात पडलेल्या मुलीसारखी. लखनादौनला श्रीनगर-कन्याकुमारीचा मोठा रस्ता सोडून जबलपूरच्या फाट्याला लागायचे असते. इथे शेजारच्या सीटची परीक्षा. वळण आधीच सांगायला हवे, गाडी फाट्यावर आल्यावर नव्हे. यांनी वेळेवर सांगितले. तेवढे सोडले तर बाकी काय वर्णावे! समोर ट्रक दिसला की यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबतोय, हात वरच्या कडीला. शेवटी मी म्हटलं, "अहो, संत्रं सोला." त्याने फरक पडला. हात कामात गुंतले की पाय शांत राहतो. तासाभराने मला म्हणाले, "ओव्हरटेक करताना तू घाई करत नाहीस, ते बरंय." तीस-बत्तीस वर्षांत गाडीवरून मिळालेली ही पहिली शाबासकी. मी ती डायरीत लिहून ठेवली आहे, पेट्रोलच्या खर्चाखाली.

पाचला दहा मिनिटे असताना तिलवारा घाटाच्या पुलावरून नर्मदा दिसली. उन्हे कलली होती. पुलावर थांबायचे नसते, म्हणून मी नुसती मान लववली. यांनी मात्र डाव्या सीटवरून दोन्ही हात जोडले. मोकळे होते ना ते!

रात्री जिलबी खाताना पुढची वाटणी ठरली. सकाळी यांनी रीव्यापर्यंत, जेवणानंतर मी. कोणाला डुलकी आली तर दुसऱ्याने "मला जायचंय" म्हणायचे, आणि पहिल्याने वाद न घालता थांबायचे. हा शब्द आता आमच्यात कायमचा ठरला आहे.

हे सगळे वाचून तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, "आमचं लायसन आहे की, कपाटात!" मग ते आज बाहेर काढा आणि मुदतीची तारीख पाहा. तिशी ते पन्नाशीत काढलेले दहा वर्षे चालते, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलेले साठीपर्यंत, आणि पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी नवे करावे लागते. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून संपल्यावर एक वर्षापर्यंत नूतनीकरण होते. त्याहून उशीर झाला तर पुन्हा गाडी चालवून दाखवायची चाचणी. चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखलाही लागतो. अर्ज 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर भरता येतो. पुष्कळ दिवस चालवली नसेल तर प्रवासाच्या महिनाभर आधी मोटार ट्रेनिंग स्कूलचे दहा-बारा धडे घ्या. मी बारा घेतले होते, त्यांतले चार मुद्दाम महामार्गावर. शिकवणारा मुलगा माझ्या मुलीपेक्षा लहान होता आणि मला "काकू, आरसा बघा, आरसा!" एवढेच म्हणत असे. आणि फोनमध्ये दोन आकडे साठवून ठेवा: महामार्गावर गाडी अडली तर १०३३, आणि कोणतीही आणीबाणी आली तर ११२. ते साठवायचे फोन दोन्ही सीटवरचे.